साठीनंतर वजन उचलायचं का? अमळनेरच्या गुरुजींना उत्तर

गुरुजी, तुमचा प्रश्न थोडक्यात पुन्हा मांडते, म्हणजे वाचणाऱ्यांनाही कळेल. वय ६३, निवृत्त शिक्षक, मुक्काम अमळनेर. दिवाळीत वजन ७८ किलो होतं. रोज पहाटे पाच किलोमीटर चालून आणि रात्रीचं जेवण सोडून सात महिन्यांत ते ७० वर आणलंत. बीपी गोळीवर आटोक्यात आहे. पण खाली बसलं की हात टेकल्याशिवाय उठता येत नाही, एसटीची पहिली पायरी उंच वाटायला लागली आहे, शर्टाच्या बाह्या सैल झाल्या आणि पोट मात्र जवळपास तेवढंच आहे. मुलगा म्हणतो डंबेल आणा. तुम्ही विचारता, "हाई काय वजन उचलानं वय शे का?" काकूंचं वय ५८, वजन ७४, दोन्ही गुडघे दुखतात, साखर सीमारेषेवर आहे. वजन उचललं तर अंग बाहेर येईल, म्हणजे गर्भाशय खाली उतरेल, अशी भीती त्यांना नणंदेने घातली आहे.

दोघांनीही उचलावं, असं माझं स्पष्ट मत आहे. धुळ्यात मी २३ वर्षं फिजिओथेरपी करते आहे. या वर्षांत ज्या एका गोष्टीबद्दल माझं मत अधिकाधिक पक्कं होत गेलं ती हीच: साठीच्या माणसाला किती किलो कमी करायचे हे विचारण्याआधी त्याला जमिनीवरून उठता येतं का हे विचारायला हवं.

तुमच्या आठ किलोंपासून सुरुवात करू. वजनकाटा फक्त आकडा सांगतो, काय गेलं ते सांगत नाही. नुसतं खाणं कमी करून वजन उतरवलं तर गेलेल्या वजनातला साधारण पाव हिस्सा चरबीचा नसतो, त्यात स्नायूही असतात. तुमच्या हिशेबात ते दोनेक किलो होतात. त्यात तुम्ही रात्रीचं जेवण सोडलंत, म्हणजे दिवसभरातलं अर्धं वरणही सोडलंत. सैल बाह्या, बारीक झालेल्या मांड्या आणि तसंच राहिलेलं पोट हे सगळं त्याच हिशेबात बसतं. चालणं चुकलं असं मी अजिबात म्हणत नाही. हृदयासाठी, साखरेसाठी, झोपेसाठी ते सोन्यासारखं आहे, चालूच ठेवा. पण चालण्याने मांडीला आज जेवढी ताकद आहे त्याहून जास्त मागितली जात नाही. आणि मागितल्याशिवाय स्नायू देत नाही.

तिशीनंतर दर दहा वर्षांत साधारण ३ ते ८ टक्के स्नायू कमी होतात. साठीनंतर हा वेग वाढतो, आणि ताकद तर स्नायूंच्या आकारापेक्षाही भराभर उतरते. या झिजेला सार्कोपेनिया म्हणतात. अमेरिकेतले पोषणशास्त्रज्ञ आयर्विन रोझेनबर्ग यांनी १९८९ मध्ये हा शब्द सुचवला, ग्रीक 'सार्क्स' म्हणजे मांस आणि 'पेनिया' म्हणजे उणीव. आपल्याकडे याला कोणी आजार मानत नाही. "वय झालं" म्हणायचं आणि घरातल्यांनी हात धरून उठवायचं, एवढंच. त्या हात धरण्यात प्रेम असतं, पण दर वेळी हात दिल्याने मांडीचं काम हळूहळू कायमचं बंद होतं हे कोणाच्या लक्षात येत नाही.

स्नायूंत ढोबळमानाने दोन प्रकारचे तंतू असतात. संथ तंतू लवकर दमत नाहीत, ते तासन् तास चालायला उपयोगी. जलद तंतू जोराच्या, झटक्याच्या कामाचे. अडखळल्यावर पाय पटकन पुढे टाकून तोल सावरतात ते हेच. वयाबरोबर जास्त झिजतात तेही हेच, आणि सपाट रस्त्यावर चालताना त्यांना जवळपास बोलावणंच येत नाही. म्हणून चैत्रात पायी सप्तशृंगगडावर जाऊन आलेला माणूसही घरच्या मोरीत घसरून पडू शकतो. असे पेशंट मी पाहिले आहेत. खुब्याचं हाड मोडल्यावर ऑपरेशन नीट होतं, पण त्यानंतरचे खाटेवरचे सहा आठवडे उरलेले स्नायू घेऊन जातात. मग तो माणूस पुन्हा शेताच्या बांधावर दिसत नाही.

आता "या वयात स्नायू वाढतात का" याबद्दल. १९९० मध्ये अमेरिकेत बॉस्टनच्या एका वृद्धनिवासात मारिया फियातारोने आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी ८६ ते ९६ वर्षांच्या दहा जणांना आठ आठवडे मांडीचा जोरदार वजनी व्यायाम दिला. हातात दोन दोन किलोंचे डंबेल देऊन बसवलं नव्हतं. ज्याला जेवढं उचलता येईल त्याच्या ८० टक्क्यांपर्यंत भार नेला होता. ज्यांनी तो पूर्ण केला त्यांची मांडीची ताकद सरासरी १७४ टक्क्यांनी वाढली, मांडीच्या मध्यावरचा स्नायू सुमारे ९ टक्क्यांनी भरला आणि दोघांनी काठी सोडली. ताकद इतकी आणि स्नायू एवढेच कसे? पहिल्या काही आठवड्यांत ताकद वाढते ती मुख्यतः मेंदू आणि नसांमुळे. झोपलेल्या तंतूंना पुन्हा हाक पोचू लागते. मांस मागाहून भरतं. त्यामुळे महिनाभरात दंड फुगलेले दिसले नाहीत तर निराश होऊ नका. उठणं सोपं झालं का, तेवढं बघा. नव्वदीतल्या माणसांना जे जमलं त्यासाठी तुमचं ६३ हे वय अडचण नाही.

इथे एक कबुली द्यायला हवी. प्रॅक्टिसच्या पहिल्या सात-आठ वर्षांत गुडघेदुखीच्या प्रत्येक बाईला मी तेच सांगत होते: मांडी घालू नका, जिना टाळा, वजन उचलू नका, आराम करा. शिरपूरकडची एक मावशी हे सगळं तंतोतंत पाळायची. चार वर्षांनी ती आली तेव्हा गुडघा तेवढाच दुखत होता, पण आता तिला संडासच्या खुर्चीवरूनही उठता येत नव्हतं. तिने माझं ऐकलं म्हणून तिचं हे झालं, हे मला तेव्हा लख्ख दिसलं. त्या दिवसापासून मी "करू नका"ची यादी देणं बंद केलं. आता "किती आणि कसं करा" हे सांगते.

"आम्ही आयुष्यभर कष्टच केले, आता आणखी व्यायाम कशाला" हा प्रश्न तुम्ही विचारला नाहीत, पण खान्देशात तो मला रोज ऐकू येतो, आणि विचारणाऱ्याचा मान राखून त्याचं उत्तर द्यायला हवं. कापूस वेचणारी बाई दिवसभर वाकलेली असते, रावेर-यावलकडे केळीचे घड खांद्यावर वाहणारा मजूर दिवसाला किती भार उचलतो त्याला मोजदाद नाही. त्यांच्या हाताची पकड आणि पाठीचा चिवटपणा माझ्या जिममधल्या पोरांना लाजवेल असा असतो. पण कष्ट आणि व्यायाम यांत फरक आहे. कष्टात तीच हालचाल हजार वेळा होते, एकाच बाजूने, दमलेल्या अंगाने, आणि थांबायचं कधी ते मुकादम ठरवतो. व्यायामात भार मोजून वाढतो, दोन्ही बाजूंना सारखा पडतो आणि मध्ये विश्रांती असते. कापूस वेचणाऱ्या मावशीला मी आधी पोटभर डाळ, रात्रीची झोप आणि पाठीचे दोन व्यायाम सांगते, डंबेल नाही. पण जी घरं पंधरा-वीस वर्षांपूर्वी शेतातून गावात आली, जात्याची जागा मिक्सरने घेतली, विहिरीच्या रहाटाची जागा मोटरने घेतली आणि अंगणातल्या हापशीवर कोणी जात नाही, त्या घरांत आहार अजून शेतावरच्या माणसाचा आणि हालचाल कारकुनाची, असा मेळ बसला आहे. तुमचं घर त्यातलं, गुरुजी. माझंही.

वजनाबद्दल मात्र मी खोटं आमिष दाखवणार नाही. स्नायू वाढले की बसल्याजागी ढीगभर कॅलरी जळतात, असं जिमच्या फलकावर लिहिलेलं असतं. खरा हिशेब बराच लहान आहे: एक किलो स्नायू विश्रांतीत दिवसाला साधारण १३ किलोकॅलरी खर्च करतो, एक किलो चरबी चार-साडेचार. दोन किलो स्नायू वाढले तर फरक जेमतेम एका बिस्किटाएवढा. वजन उतरतं ते मुख्यतः ताटातून. तुमच्या पाच किलोमीटरला सुमारे दोनशे ते अडीचशे किलोकॅलरी लागतात, आणि शेवभाजीच्या वाटीवर तरंगणाऱ्या तर्रीचे दोन मोठे चमचे तेवढ्याच भरतात. मग वजन उचलून उपयोग काय? उपयोग हा, की वजन उतरेल तेव्हा चरबी जाते आणि स्नायू घरात राहतो.

याचा एक चांगला पुरावा २०१७ मध्ये अमेरिकेतल्या डेनिस व्हिलारिअल यांच्या गटाने दिला. ६५ वर्षांवरच्या १६० लठ्ठ माणसांवरचा तो प्रयोग होता. आहार कमी केलेले तीन गट होते: एकाने नुसता चालण्यासारखा व्यायाम केला, दुसऱ्याने वजनी, तिसऱ्याने दोन्ही. सहा महिन्यांनी तिन्ही गटांचं वजन जवळपास सारखंच, ९ टक्के, उतरलं. काट्यावर तिघे सारखेच दिसले असते. पण चरबी सोडून जे शरीर उरतं ते चालणाऱ्या गटात ५ टक्क्यांनी घटलं, वजनी गटात फक्त २ टक्क्यांनी. खुब्याच्या हाडाची घनता चालणाऱ्यांत ३ टक्क्यांनी उतरली, दोन्ही करणाऱ्यांत १ टक्क्याने. आणि उठणं, जिना चढणं, वस्तू उचलून ठेवणं अशा कामांच्या चाचणीत सगळ्यांत पुढे गेले ते दोन्ही करणारे. म्हणून तुम्हाला चालणं सोडून वजन उचला असं मी म्हणत नाही. आठवड्यातले दोन दिवस चालणं निम्मं करा आणि तो वेळ वजनाला द्या. जागतिक आरोग्य संघटनेचा २०२० चा सल्लाही असाच आहे: आठवड्याला दीडशे ते तीनशे मिनिटं मध्यम दमवणारी हालचाल, त्याशिवाय किमान दोन दिवस स्नायूंची ताकद वाढवणारा व्यायाम, आणि ६५ नंतर आठवड्यातून तीन दिवस तोल सांभाळण्याचाही सराव.

साखरेचंही बघा, काकूंसाठी ते महत्त्वाचं आहे. जेवल्यानंतर इन्शुलिनच्या हुकमाने रक्तातली जी साखर आत ओढली जाते तिचा सर्वांत मोठा वाटा स्नायूंत जातो. स्नायू म्हणजे घरातली कणगी. कणगी बारीक झाली की धान्य ओसरीवरच सांडून राहतं. वजनी व्यायाम कणगी मोठीही करतो आणि रिकामीही करतो.

आता प्रत्यक्ष काय करायचं. आधी एक मोजमाप घ्या. हात नसलेली साधी खुर्ची भिंतीला टेकवा, दोन्ही हात छातीवर घडी घालून पाच वेळा पूर्ण उठा-बसा, आणि मुलाला मोबाइलवर वेळ लावायला सांगा. आशियाई तज्ज्ञांच्या २०१९ च्या निकषांप्रमाणे १२ सेकंद किंवा जास्त लागले तर ती धोक्याची खूण. पोटरीचा सगळ्यांत जाड भागही टेपने मोजा: पुरुषाची ३४ सेंटिमीटरपेक्षा आणि बाईची ३३ पेक्षा कमी असेल तर स्नायू कमी असण्याची शक्यता आहे. दोन्ही आकडे कॅलेंडरवर लिहून ठेवा.

सोमवार आणि गुरुवार असे दोन दिवस ठरवा. मध्ये किमान एक दिवस रिकामा हवाच, कारण स्नायू व्यायाम करताना भरत नाही, विश्रांतीत भरतो. एका वेळी पस्तीस-चाळीस मिनिटं पुरेत. डंबेल आणायची घाई नको. पाच लिटरचा पाण्याचा कॅन म्हणजे पाच किलो, अर्धा भरला की अडीच. पिठाची पाच किलोंची पिशवी घरात असतेच.

मुख्य व्यायाम खुर्चीवरून उठण्याचा. पहिले दोन आठवडे नुसतं अंग, मग छातीशी अर्धा कॅन, मग पूर्ण, मग खुर्चीऐवजी बुटका पाट. बसताना तीन आकडे मोजत हळू खाली या, उठताना जोरात उठा. त्या जोरातच ते जलद तंतू जागे होतात. या एका व्यायामावर मी एवढा भर देते कारण तुमची तक्रार तीच आहे. तोच केला आणि बाकी काहीच जमलं नाही, तरी मी समाधानी राहीन.

दुसरा, खाली ठेवलेला कॅन उचलण्याचा. कमरेत नाही, खुब्यात वाकायचं: पाठ सरळ, ढुंगण मागे, गुडघे थोडे सैल, कॅन पायांजवळ, आणि मांडी-ढुंगणाच्या जोरावर उभं राहायचं. गव्हाची गोणी पाठीच्या जोरावर हिसडून उचलणाऱ्यांची कंबर धरते ती इथेच चुकल्याने. ही हालचाल पहिल्यांदा कोणा जाणकारासमोर शिकून घ्या. एवढ्या एकाच गोष्टीसाठी फिजिओथेरपिस्टकडे एक फेरी मारलीत तरी पैसे वसूल.

बाकीचे झटपट सांगते. ओट्यावर किंवा भिंतीवर हात टेकून जोर. एका हाताने टेबल धरून दुसऱ्या हाताने कॅन बरगडीपर्यंत ओढणं. अंगणाच्या पायरीवर एका पायाने चढ-उतार. टाचा उचलून चवड्यांवर उभं राहणं. आणि शेवटी दोन्ही हातांत भाजीच्या भरलेल्या पिशव्या घेऊन ओसरीत ताठ मानेने दोन-तीन फेऱ्या. पिशव्यांच्या फेऱ्यांनी पकड, खांदे, पोट आणि तोल सगळं एकदम राबतं, बाजारातून येताना फुकटात होतं.

प्रत्येकाचे ८ ते १२, दोन वेळा, महिन्यानंतर तीन वेळा. भार किती घ्यायचा? थांबताना "अजून दोन झाले असते, पण चार नाही" असं वाटलं पाहिजे. पंधरा सहज होत असतील तर भार वाढवा. सगळ्यात जास्त लोक चुकतात ते इथे: तोच दोन किलोंचा डंबेल वर्षभर हलवत राहतात. आपल्या तालमीतल्या वस्तादांना हे कोणी शिकवलं नव्हतं, तरी ते पोरांच्या बैठका आठवड्याला वाढवत नेत, हलक्या मुद्गलावरून जड मुद्गलावर नेत. यात्रेतल्या दंगलीत उतरलेल्या माणसांच्या या जिल्ह्यांत "भार वाढवत न्या" ही परकी कल्पना नाही. सूर्यनमस्कार घालत असाल तर घाला, खांद्यांना आणि लवचीकपणाला उत्तम आहेत. पण अंगाचं वजन रोज तेवढंच असतं, म्हणून ते या व्यायामाची जागा घेत नाहीत.

श्वास रोखू नका. जोर लावताना सोडा, खाली आणताना घ्या. दात-ओठ खाऊन श्वास कोंडला की रक्तदाब एकदम चढतो. दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी मांड्या भरून येतील, जिना उतरताना कळ लागेल; ते स्नायूंचं दुखणं, दोन दिवसांत जातं. सांध्यात सुई टोचल्यासारखं, एका जागी, व्यायाम चालू असतानाच दुखलं तर ते वेगळं, तिथे थांबा.

वेळेचंही सांभाळा. चैत्र-वैशाखात आपल्याकडे पारा ४५ पर्यंत जातो. पत्र्याच्या शेडमधल्या जिममध्ये दुपारी चारला जाणाऱ्या साठीच्या माणसांना मी परत पाठवते. पहाटे किंवा अंधार पडल्यावर घरात करा, आधी एक तांब्या पाणी प्या. बीपीची गोळी लघवी वाढवणारी असेल तर उन्हाळ्यात डॉक्टरांना आठवणीने विचारा.

काकूंकडे येते. नणंदेच्या भीतीला मी हसणार नाही. बाळंतपणानंतर चाळीस दिवसही न विसावता भरलेले हंडे वाहिलेल्या बायकांचं अंग खरंच बाहेर यायचं, ती भीती त्या अनुभवातून आली आहे. म्हणून आधी हे तपासा: खाली काही उतरल्यासारखं, जड वाटतं का, शिंकताना लघवी होते का? असेल तर स्त्रीरोगतज्ज्ञांना दाखवूनच सुरुवात करा. नसेल तर हलक्यापासून हळूहळू वाढवलेला भार आणि जोर लावताना सोडलेला श्वास यांची भीती बाळगायचं कारण नाही. उचलण्याआधी लघवी रोखल्यासारखं ओटीपोटाचा तळ वर ओढायचा आणि मग उचलायचं, ही सवय लावा. रोज सकाळी बद्धकोष्ठामुळे कुंथणं त्या तळाला पाच किलोंच्या कॅनपेक्षा जास्त छळतं.

गुडघ्यांसाठी पहिले दोन आठवडे बसूनच. पाय लांब करून गुडघ्याखाली गुंडाळलेला टॉवेल ठेवा आणि मांडी आवळून तो पाच आकडे खाली दाबा, दहा वेळा, दिवसातून दोनदा. मग खुर्चीवर दोन उशा टाकून तिथून उठणं. दर आठवड्याला उशी पातळ करत न्यायची. थोडं दुखेल. दहापैकी तीन-चारपर्यंत दुखलं आणि दुसऱ्या सकाळी पूर्वपदावर आलं तर चालू ठेवा. दुसऱ्या दिवशी सूज आली किंवा दुखणं वाढलं तर भार कमी करा, व्यायाम बंद करू नका. आणि काकूंना वजन थोडं उतरवायला हवंच. गुडघ्याची झीज असलेल्यांत शरीराचं एक किलो उतरलं की चालताना प्रत्येक पावलाला गुडघ्यावरचा भार सुमारे चार किलोंनी हलका होतो. पाच किलो उतरले तरी पावलागणिक वीस किलोंचं ओझं कमी.

पाळी गेल्यानंतर हाडं वेगाने विरळ होतात, हेही त्यांच्या वयाचं आहे. ऑस्ट्रेलियातल्या एका प्रयोगात पाळी गेलेल्या, हाडं विरळ झालेल्या १०१ बायका होत्या. त्यातल्या ज्यांनी देखरेखीखाली आठ महिने, आठवड्यातून दोनदा, अर्धा तास खरोखर जड वजनं उचलली, त्यांच्या मणक्याची घनता २.९ टक्क्यांनी वाढली. हलका व्यायाम घरी करणाऱ्यांची १.२ टक्क्यांनी घटली. तेवढं जड काकूंनी घरी उचलायचं नाही, पण हाडालाही भार लागतो हे यातून दिसतं.

आणि ताट. रात्रीचं जेवण पुन्हा सुरू करा, गुरुजी. तुमच्या वयाला शरीराच्या दर किलोमागे १ ते १.२ ग्रॅम प्रथिनं हवीत, म्हणजे ७० ते ८४ ग्रॅम. तुम्ही लिहिलेल्या जेवणाचा मी हिशेब केला: दोन-तीन ज्वारीच्या भाकरी, दुपारचं एक वाटी पातळ वरण, दोन वेळच्या चहातलं दूध. चाळिशीही जेमतेम गाठतं. यावर उपाय आपल्याच स्वयंपाकघरात आहे. कळण्याची, म्हणजे ज्वारी आणि उडीद एकत्र दळलेल्या पिठाची भाकरी करा. ज्वारीत लायसिन हे अमिनो आम्ल कमी, उडदात ते भरपूर, उडदात जे कमी ते ज्वारीत. आज्यांनी दोन्ही एकत्र दळले ते चवीसाठी असेल, पण शरीराला त्याचा मोठा फायदा. वरण घट्ट करा, उडदाची डाळ किंवा फौजदारी वरण रात्रीला ठेवा. चहाबरोबर बिस्किटांऐवजी मूठभर फुटाणे. दुपारी मोठी वाटी दही. अंडी चालत असतील तर दोन, त्यात १२ ग्रॅम आले. शेंगदाणे चांगले, पण मूठभरच, तेल त्यातही आहे. प्रथिनं एकाच जेवणात न कोंबता तिन्ही वेळांत वाटा. डब्यातल्या पावडरीची तुम्हाला गरज नाही. मूत्रपिंडाचा त्रास असेल किंवा क्रिएटिनिन वाढलेलं असेल तर प्रथिनं वाढवण्याआधी डॉक्टरांशी बोला.

तेल मात्र खरंच कमी करा. भरीत, शेवभाजी, मिरचीचा ठेचा सोडा असं खान्देशी माणसाला सांगायला माझी जीभ रेटत नाही आणि गरजही नाही. घरात महिन्याला किती तेल लागतं ते लिहा आणि पाव भाग कमी करून बघा. शेवभाजी आठवड्यातून एकदा, तर्री बाजूला सारून. रात्रीचं जेवण सोडून जे कमावलं ते इथून कमवा. आणि यापुढे काट्याबरोबर कमरेला टेपही लावा. पुरुषाची कंबर ९० सेंटिमीटरच्या आत, बाईची ८० च्या आत असावी. वजन ७० वरच अडकलं आणि कंबर दोन सेंटिमीटर उतरली तर तो महिना चांगला गेला, असं समजा.

कोणी आधी डॉक्टरांना विचारायलाच हवं ते सांगते. बीपी १८०/११० च्या वर जात असेल, चालताना छातीत दुखत असेल, नुकतंच हृदयाचं किंवा डोळ्याचं ऑपरेशन झालं असेल, हर्निया असेल, मधुमेहाने डोळ्याच्या पडद्यात रक्तस्राव झाला असेल, मणक्याचं हाड कधी दबलं असेल. इन्शुलिन किंवा साखर खाली आणणाऱ्या काही गोळ्या चालू असतील तर व्यायामानंतर साखर एकदम उतरू शकते, खिशात गूळ असू द्या. तुमच्या पत्रावरून तुम्हा दोघांना यातलं काही दिसत नाही. तरी बीपी सलग तीन सकाळी मोजून मगच सुरू करा.

आठ आठवड्यांनी त्याच खुर्चीवर पुन्हा पाच वेळा उठून वेळ लावा, काकूंचीही, आणि दोन्ही आकडे मला कळवा. तोपर्यंत श्रावण येईल. कानबाईच्या रोटांना पंगतीत खाली बसाल तेव्हा हात टेकून उठावं लागलं की नाही, तेही लिहा. लागलं तर कॅनमध्ये पाणी किती होतं आणि रात्री ताटात वरण होतं का, ते विचारून मी पुढचा भार ठरवून देईन.